कृपया मागे पाहावे

माळआळी, निर्मळ
२० फेब्रुवारी २०२६

चि. उमंग,

अनेक आशीर्वाद. ते इथेच घेऊन ठेव, खाली मिळणार नाहीत.

तुला फोन केला की कोणी जॉयल उचलतो आणि म्हणतो, "नगरसेवकसाहेब मीटिंगमध्ये आहेत, लेखी द्या." साहेब! ज्याचं नाक मी माझ्या पदराने पुसलं, तो साहेब. असो. विम्याच्या कचेरीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढली आहेत. लेखीला मी घाबरत नाही. हे घे.

जानेवारीत तू निवडून आलास. राहायला नायगावच्या टॉवरमध्ये आणि मतं मागायला निर्मळला, तरी आळीने तुला घरचा म्हणून मतं दिली. फेब्रुवारी उजाडत नाही तोच तुझ्या माणसांनी आळीच्या वळणावरच्या बावखलाचा कठडा पाडला. नारळ फोडलास, फोटो काढलेस, "बावखल सुशोभीकरण व सेल्फी पॉइंट" असा फलक लावलास. त्यावरचं तुझं तोंड आमच्या दारापेक्षा मोठं आहे. मग तुझा ठेकेदार भूपेश जो गेला तो गेलाच. आता वळणावर फलक आहे, चिऱ्यांचा ढीग आहे आणि कठडा नाही.

पाऊस लागला की ते तळं काठोकाठ भरतं आणि रस्त्यावरही पाणी चढतं. दोन्ही एक होतात. रस्ता कुठे संपला आणि दोन पुरुष खोल पाणी कुठे सुरू झालं, हे तिथे एकटा तो कठडा सांगायचा. तुझ्या आईच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो उगाच हौसेने बांधला नव्हता.

तुझे मामा रोज पहाटे साडेपाचला सायकलला चाफ्याची परडी लावून त्याच वळणावरून देवळात जातात. वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ऐकत नाहीत.

आणि तू सहा वर्षांचा असताना मामांकडून सायकल शिकताना त्याच कठड्यावर आपटलास. पुढचा दात गेला. दात गेला, पण तू पाण्यात गेला नाहीस. फलकावर जो दात दाखवून हसतोयस तो बसवलेला आहे हे आळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पावसाआधी कठडा बांध. गाढवासारखा फलकावर दात काढत उभा राहू नकोस.

मामी

*

जनसंपर्क कार्यालय, निर्मळ नाका
५ मार्च २०२६

ती. सौ. मीरामामींस,

सा. नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. नागरिकांच्या प्रत्येक सूचनेचं मी स्वागत करतो आणि टीकेला तर मी माझा आरसा मानतो. परंतु मामी, आपलं पत्र वाचून मन विषण्ण झालं.

आपण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. लहानपणी मला 'प्लीज' आणि 'थँक यू' आपणच शिकवलंत. त्याच मामींनी एका लोकप्रतिनिधीला 'गाढव' लिहावं? माझं सोडा, मी घरचाच आहे. पण हा माझ्या एकट्याचा अपमान नाही. ज्या साडेचार हजार मतदारांनी मला निवडून दिलं, त्यांचा आहे. माझ्या शारीरिक व्यंगाचा उल्लेखही मनाला लागला.

आपल्याला काय म्हणायचं आहे यापेक्षा ते कसं म्हणायचं, याला समाजजीवनात महत्त्व आहे. सूर चुकला की मुद्दा हरवतो. आपण शांतपणे विचार करावा.

मामांना नमस्कार.

आपला,
उमंग राऊत
नगरसेवक

*

माळआळी
९ मार्च २०२६

उमंग,

साडेचार हजारांतली दोन मतं या घरातली आहेत. आमचा अपमान झालेला नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गाढवाबद्दल आठ ओळी आहेत, दाताबद्दल एक. कठड्याबद्दल शून्य. मुद्दा हरवला म्हणतोस? हरवलेला नाही. वळणावर उघडा पडलाय, जाऊन बघ. गाडीतून उतरावं लागेल एवढाच त्रास.

गाढव हा शब्द मी मागे घेते. गाढव निदान ओझं वाहतं.

आता एकच प्रश्न विचारते, तीन शब्दांचा. त्यात एकही शिवी नाही. कठडा कधी बांधणार?

मामी

*

जनसंपर्क कार्यालय, निर्मळ नाका
३० मार्च २०२६

ती. सौ. मामींस,

सा. नमस्कार.

आपली दोन्ही पत्रं मी गेल्या रविवारी कार्यकर्त्यांच्या बैठकीत वाचून दाखवली. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सभागृह सुन्न झालं. आमच्या महिला आघाडीच्या कृतिकाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "एवढं विष एका वयस्कर बाईच्या मनात कुठून येतं?" मी म्हटलं, "ताई, त्या माझ्या मामी आहेत. त्यांच्याविषयी एक शब्द बोलायचा नाही." टाळ्या झाल्या.

मी अहंकारी नाही. मी आजही तयार आहे. मी आपल्याला शब्द देतो: ज्या दिवशी आपण सभ्य, सकारात्मक भाषेत मला लिहाल, त्या दिवशी मी जातीने वळणावर येईन.

दार उघडं आहे, मामी. फक्त पायताण बाहेर काढून या.

आपला,
उमंग

*

माळआळी, निर्मळ
१८ एप्रिल २०२६

माननीय नगरसेवक श्री. उमंगजी राऊत यांस,

सविनय नमस्कार.

सर्वप्रथम, माझ्या आधीच्या दोन पत्रांतील भाषेबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. वयोमानाने जिभेवरचा ताबा सुटतो. आपण ती पत्रं थोर मनाने सहन केलीत, याबद्दल आभार.

निवडून आल्यापासून अवघ्या तीन महिन्यांत आपण आमच्या आळीकडे जे लक्ष दिलंत, ते आम्ही विसरणार नाही. गटारं साफ झाली. कचऱ्याची गाडी आता वेळेवर येते. नाक्यावरचे दिवे लागले. आणि आमच्या जुन्या बावखलाचं सुशोभीकरण हाती घेण्याची कल्पना तर केवळ आपल्यालाच सुचू शकते. आपल्यासारखा तरुण, तळमळीचा प्रतिनिधी आमच्या कुटुंबातून पुढे आला, याचा आपल्या मामांना फार अभिमान वाटतो. ते म्हणतात, "पोर लहान होतं तेव्हापासून धडपड्या."

आपल्या हातून अशीच सेवा घडो.

(कृपया मागे पाहावे)

उमंगजी, एक नम्र विनंती. बावखलाचा पाडलेला कठडा सात जूनच्या आत पुन्हा बांधून द्यावा. पावसात रस्ता आणि पाणी एक होतं आणि त्या वळणावरून माणसं, शाळेच्या सायकली, फुलवाल्या बायका जातात. सध्या शेजारच्या गॉडफ्रेने तिथे आडवे बांबू बांधून माझ्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या लावल्या आहेत. वाऱ्यापावसात ते टिकणार नाहीत. आपले मामा पहाटे अंधारात तिथून जातात. त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही.

ही विनंती आपण वाचलीत एवढं जरी कळवलंत तरी मी उपकृत राहीन.

आपली नम्र,
सौ. मीरा काशिनाथ चुरी

*

जनसंपर्क कार्यालय, निर्मळ नाका
१२ मे २०२६

प्रिय मामी,

डोळे भरून आले! हाच तो सूर. हीच माझी लहानपणीची मामी.

तुझं पत्र मी फ्रेम करून कार्यालयात लावलं आहे, अगदी दारासमोर. आपल्या 'शंभर दिवस, शंभर कामं' या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तुझ्या अक्षरातच छापलं आहे. सोबत पंचवीस प्रती पाठवतोय, आळीत वाट. लोक म्हणतात, विरोधकांनासुद्धा जिंकणारा नगरसेवक! मी म्हणतो, मी काही केलं नाही, फक्त सूर बदलायची वाट पाहिली.

पाच जूनला बावखलावर वृक्षारोपण आहे, मोठे पाहुणे येणार आहेत. तेव्हा त्या बांबूंचं आणि लाल चिंध्यांचं काहीतरी करावं लागेल. स्मशानाच्या वाटेसारखं दिसतं. फार नकारात्मक संदेश जातो. माझी माणसं ते उचलून घेतील, गॉडफ्रेला त्रास नको.

मामांना म्हणावं, त्यांचा धडपड्या त्यांना विसरलेला नाही.

तुझाच,
उमंग

*

माळआळी
१२ जून २०२६

उमंग,

कागदाला मागची बाजू असते. फ्रेम उघड आणि ती वाच.

तुझ्या पाहुण्यांनी लावलेली अकरा झाडं कुंड्यांसकट त्याच संध्याकाळी टेम्पोतून परत गेली. बांबूही गेले. पाऊस सुरू झाला आहे.

मामी

*

जनसंपर्क कार्यालय, निर्मळ नाका
१९ जून २०२६

ती. सौ. मामींस,

आपलं पत्र मिळालं. ना आशीर्वाद, ना विचारपूस. दोन महिनेही सूर टिकला नाही.

आपण सांगितलंत म्हणून फ्रेम उघडली आणि मागची बाजू वाचली. खरं सांगतो, वाईट वाटलं. इतक्या सुंदर शब्दांच्या पाठीमागे एक मागणी लपलेली होती. म्हणजे ते कौतुक मनापासून नव्हतं, कामापुरतं होतं. आपल्या माणसाचं कौतुक निरपेक्ष असावं, अशी माझी भाबडी समजूत.

अशा दबावाखाली मी कोणतंही काम करत नाही. पद्धत म्हणून नाही. उद्या प्रत्येक जण आधी स्तुती आणि मग यादी पाठवेल. फ्रेम पुन्हा लावली आहे, कारण पुढची बाजू मला अजूनही खरी वाटते.

पावसाळ्यानंतर शांतपणे बसू.

उमंग राऊत
नगरसेवक

*

जनसंपर्क कार्यालय, निर्मळ नाका
१४ जुलै २०२६

ती. मामी,

शब्द सुचत नाहीत. सहा तारखेपासून मी अन्नाला नीट शिवलेलो नाही. मामा म्हणजे माझं बालपण. त्यांनीच मला सायकल शिकवली आणि सायकलवरच ते गेले, यात नियतीचा काही संकेत असेल का, असं वाटत राहतं.

तुझं दुःख मी समजू शकतो. म्हणूनच स्मशानात, सगळ्या लोकांसमोर, तू मला उद्देशून जो शब्द उच्चारलास, त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण मामी, चिता पेटलेली असताना, त्या ठिकाणी, तो सूर? मामांना ते आवडलं असतं का? तिथे वार्ताहर होता. तुझ्या त्या एका शब्दाने मामांच्या अंत्ययात्रेचं पावित्र्य गेलं, एवढंच म्हणतो. आईही तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तिच्या मनात भरवू नकोस.

दोन व्यावहारिक गोष्टी. पालिकेने अपघाताची चौकशी लावली आहे. रहिवाशांचं सुशोभीकरणाबद्दल समाधान होतं, याचा पुरावा म्हणून तुझं एप्रिलचं पत्र मी जोडलं आहे, म्हणजे पुस्तिकेत छापलेलं पान. तुला बोलावलं तर कृपया भावनेच्या भरात काही बोलू नकोस. मामांचं वय, त्यांचा डोळा, पहाटेचा अंधार, हे सगळे मुद्दे आहेतच.

दुसरं म्हणजे, बावखलाला मामांचं नाव द्यायचं ठरवलं आहे: 'कै. काशिनाथ चुरी जलविहार व सेल्फी पॉइंट'. पंधरा ऑगस्टला सकाळी नऊला नामकरण. तू दोन शब्द बोलावेस अशी सगळ्यांची इच्छा आहे. फक्त एक विनंती, एप्रिलच्या पत्राच्या सुरात.

तुझा,
उमंग

*

माळआळी, निर्मळ
३ ऑगस्ट २०२६

माननीय नगरसेवक श्री. उमंगजी राऊत यांस,

सविनय नमस्कार.

आपलं सांत्वनपर पत्र मिळालं. आपल्या कामाच्या धबडग्यात आपण चार ओळी लिहिल्यात, हे आमचं भाग्य.

स्मशानात माझ्या तोंडून जो शब्द गेला तो मी पूर्णपणे मागे घेते. तो शब्द चुकीचा होता. त्याचं कारण मागे दिलं आहे.

आमच्या बावखलाला यजमानांचं नाव देण्याची कल्पना उत्तम आहे. पंधरा ऑगस्टला नऊ वाजता मी अवश्य येईन आणि आपल्या इच्छेप्रमाणे दोन शब्द बोलेन. सूर आपल्या आवडीचाच असेल, याची खात्री बाळगावी. आपल्या मातोश्री आनंदीबाईही उपस्थित राहतील. त्या तर रोजच तिथे असतात.

आपल्या हातून अशीच सेवा घडो.

(कृपया मागे पाहावे)

उमंग,

पत्र असं लिहायला मला शाळेत सिस्टर बर्नाडेटने शिकवलं. पुढच्या पानावर द्यायचं, मागच्या पानावर मागायचं. मोठ्या माणसाच्या तोंडावर काही मागू नये, म्हणायची. ती सवय मी साठ वर्षं पाळली. एप्रिलमध्ये मी पेन फेकून दिलं होतं. तुझे मामा म्हणाले, "गोड लिही गं. आपलंच पोर आहे. पान उलटेल." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख पत्र मी त्यांच्या शब्दाखातर लिहिलं. पुढच्याच बाजूला, मोठ्या अक्षरात, कठडा बांध मेल्या, असं लिहायला हवं होतं. तू तेही फ्रेम केलं नसतंस, पण मला झोप लागली असती.

आता तो शब्द. स्मशानात मी तुला खुनी म्हटलं. मागे घेते. खुनी ज्याला मारतो त्याच्याकडे एकदा तरी बघतो.

सहा तारखेला काय झालं ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सोमवार होता, शंकराचा वार म्हणून नेहमीपेक्षा जास्त फुलं घेतली होती. मी म्हटलं, "आज राहू द्या." म्हणाले, "पाणी गुडघाभर आहे, रस्ता पाठ आहे मला." रस्ता खरंच पाठ होता त्यांना. कठड्याला डावा हात लावत लावत ते वळायचे, चाळीस वर्षं. त्या दिवशी हात लावायला गेले. गॉडफ्रेने आधी फुलं पाहिली, सगळ्या पाण्यावर पसरलेली. सायकल तुझ्या फलकाच्या खांबात अडकली होती म्हणून जागा कळली. फलकाचा तेवढा उपयोग झाला. पाणी तुझ्या हनुवटीपर्यंत होतं आणि वर तू हसत होतास.

चौकशीचं म्हणशील तर, विम्याच्या कचेरीत कार्बन लावल्याशिवाय आम्ही सही करत नव्हतो. ती सवयही सुटलेली नाही. माझ्या प्रत्येक पत्राची प्रत, दोन्ही बाजूंची, पोस्टाच्या पावत्यांसकट मी अधिकाऱ्यांना दिली आहे. तुझी पाचही पत्रं दिली आहेत. माझी पत्रं बघताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, भाषा जरा कडक आहे," म्हणाले. तुझी मात्र शेवटपर्यंत वाचली. किती सभ्य भाषा! एकही वावगा शब्द नाही. एकोणीस जूनच्या पत्रापाशी थांबले आणि 'मागची बाजू वाचली' या तीन शब्दांखाली त्यांनी लाल रेघ ओढली. सूर चांगला असला की माणूस सगळं वाचतो, तू म्हणायचास ते खरं आहे.

तुझ्या आईच्या मनात मी काही भरवलेलं नाही. तिला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तेराव्यानंतर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वैनी, माझ्या लेकाची पत्रं वाचून दाखव." मी वाचली. तुझ्या जागी तुझ्या आवाजात, अगदी गोड. नमस्कारासकट. एक शब्द गाळला नाही.  संपल्यावर तिने विचारलं, "आणि कठड्याचं काय लिवलंय त्याने?"

मी म्हटलं, "काही नाही."

"नीट बघ. कुठेतरी असेल. बारीक अक्षरात असेल."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचली. पाचही. ती उठली, माझ्या कपाटातून उरलेली लाल साडी काढली आणि निघाली. तिचा एकुलता एक भाऊ होता तो, उमंग. तू एकुलता एक मुलगा आहेस, असं आता ती म्हणत नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "भाऊ होता."

गेले दहा दिवस पहाटे पाचला तुझी आई त्या वळणावर जाते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पोटरीभर पाण्यात, हातात लाल चिंधी घेऊन, जिथे कठडा होता बरोबर तिथे, तुझ्या फलकाशेजारी उभी राहते. शाळेच्या सायकली, फुलवाल्या, दूधवाला, सगळ्यांना हाताने आत घेते. उजाडून लख्ख झाल्याशिवाय हलत नाही. तीन दिवसांपासून ताप आहे. प्रिस्का डॉक्टरीण येऊन ओरडून गेली, "आनंदीआक्का, न्यूमोनिया होईल." मीही ओरडले, माझ्या पद्धतीने. ती म्हणाली, "कठडा बांधला की येते घरी."

मी तुला कळवायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. मी कळवते आहे, कारण या वेळी तरी 'मला कोणी सांगितलं नाही' असं तुला म्हणता येऊ नये. आणि कळवते आहे ती मागच्या बाजूला, तुझ्या सवयीच्या जागी. वाचेपर्यंत किती दिवस जातील ते तू आणि तुझी आई बघून घ्या.

पंधरा तारखेला तुझी गाडी त्या वळणावर येईल तेव्हा तीच आडवी असेल, जर असली तर. तिला बाजूला व्हायला सांगायचं असेल तर लेखी दे. मी वाचून दाखवीन.

सूर तेवढा सांभाळ.

मीरा काशिनाथ चुरी